देवकुंडाला कागदी कुलूप

रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या जलाशयाच्या काठाने रान तुडवीत गेले, की सह्याद्रीच्या चिंचोळ्या घळीत देवकुंडाचा धबधबा लागतो. पावसाळा आला की प्रशासन मनाई आदेश काढते आणि आपले कर्तव्य संपले असे मानते. असे आदेश पूर्वी फौजदारी संहितेच्या १४४ कलमाखाली निघत. १ जुलै २०२४ पासून कलमाचा आकडा १६३ झाला. वृत्ती मात्र गोऱ्या साहेबाचीच राहिली.

घळ धोक्याची आहे, यात वाद नाही. माथ्यावर पाऊस कोसळला की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो आणि परतीची वाट तुटते. माणसे बुडाली आहेत. परंतु ओढ्याची ही चाल कोण जाणतो? कचेरीतला कारकून नव्हे, तर वाट दाखवून चार पैसे मिळवणारा भिऱ्याचा तरुण. बंदीने पहिली बुडते ती त्याची रोजी. शहरातला हौशी पर्यटक आडवाटेने शिरतोच. फरक इतकाच की आता त्याच्यासोबत वाटाड्या नसतो. म्हणजे जीव वाचवण्याच्या नावाखाली आपण धोका वाढवतो आहोत!

या डोंगरातील पाण्याचे अर्थकारण जुने आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला, तरी त्यांच्या जमिनी बुडाल्या. टाटांच्या धरणाचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरवून भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून चालते आहे. वीज मुंबईला गेली. त्या पाण्यावर कोणी मनाई आदेश काढल्याचे ऐकिवात नाही. गावाच्या वाट्याला उरला एक धबधबा, त्यालाही कुलूप!

वनजमिनीचे सामूहिक हक्क ग्रामसभेला देणारा कायदा २००६ पासून आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये ते हक्क मिळवले आणि २०११ पासून आपला बांबू स्वतः विकला. बांबू वेगळा आणि धबधबा वेगळा, असे अधिकारी म्हणतील, म्हणू देत. रायगडमधील साथींनी ग्रामसभांतून मागणी लावून धरावी: रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवण्याचा आणि पावसाचा रंग पाहून वाट बंद करण्याचा अधिकार गावाला हवा, दोर, जॅकेटे आणि वाटाड्यांचा विमा शासनाने द्यावा. आणि प्रवेशशुल्काचा हिशेब दरमहा चावडीवर लागावा, नाहीतर गावातलेच दोन पुढारी ठेकेदार होऊन बसतील.