दारिद्र्याचा दाखला आणि ड्राफ्टची खोली

१/ १९७१ साली अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची सर्वोच्च लीग असलेल्या एनबीएने एक विलक्षण नियम केला. महाविद्यालयाची चार वर्षे सरण्याआधीच ज्या तरुणाला व्यावसायिक खेळाडू व्हायचे असेल, त्याने आधी आपली आर्थिक अडचण सिद्ध करावी. नुसते कौशल्य पुरेसे नव्हते. दारिद्र्याचा दाखलाही हवा होता. आज ‘ड्राफ्ट उथळ झाला’ अशी जी ओरड ऐकू येते, तिचे उत्तर या विस्मृतीत गेलेल्या नियमात सापडते. #धागा

२/ प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड. १९४७ पासून चालत आलेल्या या पद्धतीत संघ क्रमाक्रमाने एकेका खेळाडूचे हक्क मिळवतात आणि दुबळ्या संघांना आधी निवडण्याची संधी मिळावी, असा हेतू असतो. आज ३० संघ, दोन फेऱ्या आणि साधारण ६० नावे असे तिचे स्वरूप आहे. पहिली दहा-पंधरा नावे संपल्यावरही कामाचे खेळाडू किती उरतात, यावरून ड्राफ्टची ‘खोली’ ठरवली जाते.

३/ ही खोली आटत चालल्याचा पुरावा म्हणून एक आकडा पुढे केला जातो. २०२१ साली मुदतीआधी ड्राफ्टसाठी नावे देणारे खेळाडू साडेतीनशेहून अधिक होते. २०२५ साली ही संख्या एकशे दहाच्या आत आली. महासाथीमुळे खेळाडूंना महाविद्यालयात एक वर्ष वाढवून मिळाले होते, त्यामुळे २०२१ चा आकडा काहीसा फुगलेला होता, हे खरे. तरीही घसरण नाकारता येत नाही. तिचे प्रमुख कारण उघड आहे: महाविद्यालयात आता पैसे मिळतात.

४/ पूर्वी ते का मिळत नव्हते? महाविद्यालयीन क्रीडेचे नियमन करणाऱ्या एनसीएएचे कार्यकारी संचालकपद १९५१ पासून १९८७ पर्यंत वॉल्टर बायर्स यांच्याकडे होते. त्यांच्याच कारकिर्दीत ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. कानाला उदात्त वाटणाऱ्या या शब्दामागचा हेतू व्यवहारी होता. खेळाडू हा महाविद्यालयाचा कर्मचारी ठरू नये आणि दुखापतीची भरपाई द्यावी लागू नये, यासाठी तो घडवला गेला. ही कबुली बायर्स यांनीच पुढे १९९५ मधील आपल्या पुस्तकात दिली.

५/ या शब्दाची किंमत कोणी मोजली? १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मृत्यू पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खेळ बास्केटबॉलचा नसला तरी तत्त्व तेच होते.

६/ दुसरीकडे एनबीएनेही दार लावून घेतले होते. शाळा संपल्यावर चार वर्षे उलटल्याशिवाय खेळाडूला प्रवेश नव्हता. १९५८ साली कॅन्सस विद्यापीठ सोडणाऱ्या विल्ट चेंबरलेनसारख्या अजोड खेळाडूलाही अपवाद करण्यात आला नाही. त्याने मधले वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने खेळणाऱ्या संघाबरोबर पैसे मिळवत घालवले. १९५९ मध्ये तो एनबीएत आला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. महाविद्यालय पैसे देईना आणि लीग आत घेईना, अशी ती दुहेरी कोंडी होती.

७/ ही कोंडी फोडली स्पेन्सर हेवूड याने. मिसिसिपी राज्यात, दहा भावंडांच्या गरीब घरात तो वाढला. त्याची आई कापूस वेचत असे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. पुढे तो एबीए या प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला आणि १९७० साली सिॲटलच्या एनबीए संघात दाखल झाला. चार वर्षांच्या नियमावर बोट ठेवून एनबीएने त्याला अडवले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ मार्च १९७१ रोजी कौल हेवूडच्या बाजूने लागला.

८/ एनबीएने मग दार उघडले, पण अर्ध्यानेच. ज्याची आर्थिक अडचण सिद्ध होईल, त्यालाच लवकर प्रवेश मिळू लागला. ही अट १९७६ मध्ये गेली. कागदावरून दारिद्र्याचा दाखला नाहीसा झाला. मात्र व्यवहारात तो पुढची पंचेचाळीस वर्षे टिकून राहिला, हेच या धाग्याचे मुख्य प्रतिपादन आहे. महाविद्यालयात खेळाचे वेतन शून्य असल्याने, घरी चूल पेटवण्याची जबाबदारी असलेला तरुण तयारी असो वा नसो, त्या दाराकडे ढकलला जात होता.

९/ पुढचा टप्पा शाळकरी मुलांचा. १९९५ साली केविन गार्नेट शाळेतून थेट पाचव्या क्रमांकावर निवडला गेला. १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स त्याच वाटेने आले. २००५ च्या करारात एनबीएने वयाची अट १९ केली आणि अमेरिकी खेळाडूंसाठी शाळा संपल्यावर एक वर्ष थांबणे सक्तीचे केले. त्यातून एक वर्ष महाविद्यालयात काढून लगेच निघून जाण्याची रीत पडली. ते वर्षही अर्थातच बिनपगारी होते.

१०/ त्याच वर्षांत पैशाचा ओघ मात्र थांबला नव्हता. २०१० साली एनसीएएने आपल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरांना विकले. प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांच्या घरात गेले. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला तेवढी शिष्यवृत्ती मिळे. देवळाच्या पेटीत धन साठत जावे आणि पुजाऱ्याने उपाशी राहणे हेच पुण्य समजावे, असा हा प्रकार होता.

११/ ही व्यवस्था न्यायालयांत ढासळत गेली. एड ओबॅनन या माजी खेळाडूच्या खटल्यात २०१४ साली एनसीएएचे नियम स्पर्धाविरोधी ठरले. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने रद्दबातल ठरवल्या. लगेच १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन कमाई करण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये हाउस खटल्यातील तडजोडीने विद्यापीठांना थेट वेतन देण्याचा मार्ग मोकळा केला. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांची मर्यादा आहे.

१२/ याचा ड्राफ्टवर परिणाम नेमका कुठे होतो? सर्वांत वरच्या नावांवर नाही. २०२५ मध्ये पहिला निवडला गेलेला कूपर फ्लॅग पहिल्याच वर्षी १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक कमावतो. तो महाविद्यालयात थांबण्याचे कारण नाही. प्रश्न दुसऱ्या फेरीचा आहे. तिथे हमीचा करार मिळेलच असे नसते. अनेकांच्या वाट्याला ‘टू-वे’ करार येतो. २०२४-२५ मध्ये त्याचे वेतन सुमारे पावणेसहा लाख डॉलर होते. मोठ्या विद्यापीठातील आघाडीचा खेळाडू आता त्याहून अधिक मिळवू शकतो. मग त्याने घाई का करावी?

१३/ एनबीएच्या स्वतःच्या कृतीतूनही हे दिसते. महाविद्यालयात जायचे नसलेल्या गुणी मुलांसाठी तिने २०२० साली ‘इग्नाइट’ नावाचा पगारी संघ उभा केला होता. महाविद्यालये पैसे देऊ लागताच त्याचे प्रयोजन संपले आणि २०२४ मध्ये तो बंद झाला. उलट युरोपातील नामांकित क्लबांमध्ये घडलेले एगोर ड्योमिन आणि कास्पारास याकुचोनिस हे तरुण अमेरिकी महाविद्यालयांत खेळले आणि २०२५ च्या पहिल्या फेरीत निवडले गेले. ओघाची दिशा बदलली आहे.

१४/ आता मूळ आक्षेपाकडे. लांब यादी म्हणजे खोल ड्राफ्ट, हे गृहीतकच चुकीचे आहे. १९८४ साली ड्राफ्टच्या दहा फेऱ्या होत्या आणि सव्वादोनशेच्या आसपास नावे पुकारली गेली. शिकागो बुल्सने शेवटच्या फेरीत चक्क धावपटू कार्ल लुईसचे नाव घेतले! त्या वर्षाची कीर्ती मायकेल जॉर्डन, हकीम ओलाजुवान, चार्ल्स बार्कली आणि जॉन स्टॉक्टन यांच्यामुळे आहे, आणि ते चौघेही पहिल्या फेरीतले होते. १९८९ पासून फेऱ्या दोनच उरल्या. खेळ काही गरीब झाला नाही.

१५/ अवेळी आलेल्यांचे काय होते, हेही पाहावे. १९९८ मध्ये शाळेतून थेट आलेला कॉर्लिओन यंग चाळिसावा निवडला गेला आणि एनबीएत अवघे तीन सामने खेळला. त्याच वर्षी तसाच आलेला रशार्ड लुईस पुढे मोठा खेळाडू झाला, हे खरे. पण तो अपवाद होता. भारतीय वाचकांना सतनाम सिंग आठवेल. पंजाबच्या खेड्यातून निघालेला हा तरुण महाविद्यालयीन बास्केटबॉल न खेळता २०१५ साली बावन्नावा निवडला गेला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

१६/ याउलट दुसऱ्या फेरीला ज्यांनी खरी खोली दिली, ते बहुधा सावकाश पिकलेले खेळाडू होते. पस्तिसावा निवडला गेलेला ड्रेमंड ग्रीन चार वर्षे महाविद्यालयात खेळला होता. तेहतिसावा जेलन ब्रन्सन तीन वर्षे. सत्तावन्नावा मनू जिनोबिली निवडीनंतरही २००२ पर्यंत इटलीत खेळत राहिला. एकेचाळिसावा निकोला योकिच आणखी एक वर्ष सर्बियातील क्लबमध्ये थांबून मग आला. युरोपातल्या त्या दोघांना थांबणे परवडले, कारण थांबण्याचेही वेतन मिळत होते. तीच सोय आता अमेरिकी मुलाला लाभली आहे.

१७/ प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू अधिक तयार असला, तरी त्याच्यात वाढीला वाव कमी उरतो. दुबळे संघ स्वस्त, कोवळ्या गुणवत्तेवरच पुन्हा उभे राहतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या फेरीचे मोल काही काळ घटेल. परंतु हा तोटा गुणवत्ता नष्ट झाल्याचा नव्हे, ती उशिरा येण्याचा आहे. आज थांबलेला खेळाडू उद्याच्या यादीत येणारच आहे. आणि दुबळ्या संघांची उभारी गरीब घरांतील मुलांच्या नाइलाजावर बेतलेली असावी, हा युक्तिवाद उघडपणे मांडायला कोण धजेल?

१८/ खरी चिंता वेगळ्या ठिकाणी करायला हवी. खेळाडूंना आता विद्यापीठ बदलण्याची जवळपास पूर्ण मोकळीक आहे. त्यामुळे लहान महाविद्यालयाने घडवलेला खेळाडू श्रीमंत विद्यापीठ सहज उचलून नेते. अनुभवी खेळाडू अधिक काळ थांबल्याने शाळेतून येणाऱ्या नवख्यांच्या जागा आक्रसतात. शिवाय वेतन मिळाले, तरी कर्मचाऱ्याचा दर्जा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क अजून मिळालेला नाही. डेनिसनच्या पत्नीने १९५७ मध्ये विचारलेला प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

१९/ तात्पर्य एवढेच. ज्या खोलीसाठी आज हळहळ व्यक्त होते, तिचा मोठा भाग नाइलाजाने खणलेला होता. १९७१ मध्ये लीगने तरुणांकडे गरिबीचा पुरावा मागितला. नंतर तो मागावा लागला नाही, कारण व्यवस्थाच तो पुरवत राहिली. आता यादी आखूड झाली असेल, तर तिचा अर्थ साधा आहे. थांबायचे की निघायचे, हे ठरवताना त्या मुलाला प्रथमच घरच्या कर्जाखेरीज दुसऱ्या कशाचाही विचार करता येतो आहे. ड्राफ्टची खोली मोजणाऱ्यांनी हेही मापात धरावे.

#मराठी #इतिहास #बास्केटबॉल