टंचाईचा हिशेब महिन्यांनी मांडा

घाटंजी तालुक्यातल्या कोणत्याही गावात जा आणि विचारा, 'तुमच्याकडे पाण्याची टंचाई कधी सुरू होते?' पारावरचे म्हणतील, पाडव्यानंतर. शेतावरून येणारा म्हणेल, होळीपासूनच. आणि डोक्यावर गुंड घेऊन चाललेली बाई म्हणेल, 'संक्रांत झाली का इहिरीचा दोर वाढवा लागते, भाऊ.' तिघेही आपापल्या परीने खरेच बोलतात. पण सरकारदरबारी तोंडी बोलणे चालत नाही, तिथे कागद लागतो. आणि कागदावरचा हिशेब आपण आजवर नीट मांडलाच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यात गावची विहीर आटली की एखाद्या शेतकऱ्याची खासगी विहीर अधिग्रहित होते, नाहीतर टँकर लागतो. त्याची नोंद कशी असते? गावाचे नाव, विहिरीचा मालक, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. बस्स. विहीरमालकाचा मोबदला काढायला एवढी नोंद पुरते. पण कोणत्या महिन्यात किती गावे तहानलेली होती, यंदाची टंचाई मागच्या सालापेक्षा लवकर आली की उशिरा, याचे उत्तर त्या 'पासून-पर्यंत'मधून मिळत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात १८ फेब्रुवारी ते १० जून विहीर अधिग्रहित होती. ही एक ओळ मोडा आणि तिच्या पाच ओळी करा. फेब्रुवारी ११ दिवस, मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१, जून १०. बेरीज ११३ दिवस. अशीच दुसऱ्या गावाची, तिसऱ्या पोडाची नोंद मोडून त्याखाली मांडा. मग एकट्या मार्चच्या ओळी बाजूला काढल्या की मार्चमधले तालुक्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. पाच-दहा सालांचे मार्च शेजारी ठेवले की टंचाई कुठे सरकते आहे तेही कळते.

काम सोपे आहे, पण चार ठिकाणी पाय घसरतो.

पहिले, दोन्ही टोकांचे दिवस मोजा. नुसती वजाबाकी केली तर ११२ येतात, एक दिवस गळतो. लीप वर्ष असेल तर फेब्रुवारीत एक दिवस वाढतो. २०२४ साली वाढला होता, पुढे २०२८ साली वाढेल. म्हणून सर्व महिन्यांची बेरीज मूळ मुदतीशी ताडून पाहा.

दुसरे, एकाच गावात दोन विहिरी घेतल्या असतील तर सावध राहा. समजा, वरच्याच गावात ५ एप्रिल ते १० जून दुसरी विहीर घेतली. तिचे दिवस ६७. दोन्ही मिळून १८० झाले. मोबदल्यासाठी १८० बरोबर, पण गाव काही १८० दिवस तहानलेले नव्हते, ते ११३ दिवसच. पैशाचा हिशेब वेगळा आणि तहानेचा वेगळा. दोन्ही एका रकान्यात घालू नका.

तिसरे, टँकर अजून सुरू असेल तर 'पर्यंत'चा रकाना कोरा असतो. कोरा म्हणून ते गाव सोडून देऊ नका. हिशेब मांडता त्या दिवसाची तारीख पेन्सिलने लिहा, पुढे दुरुस्त करा.

चौथे, ३१ मार्चला वही बंद करू नका. सरकारचे आर्थिक साल त्या दिवशी संपते, आपली तहान संपत नाही. फेब्रुवारी ते जून ही एकच टंचाई दोन वर्षांत चिरली गेली की दोन्हीकडे ती किरकोळ दिसते. पाण्याची वही ऑक्टोबरपासून सुरू करावी. पाऊस परतलेला असतो आणि विहिरीत काय साठले ते दिसते.

ही नुसती आकडेमोड नव्हे. टंचाईचा कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. म्हणजे नियोजनाला महिना कळतो, आणि आपण मात्र त्याच्यापुढे लांबलचक मुदत ठेवतो. ज्या कोलाम पोडावर फेब्रुवारीतच झरा आटतो, त्याचे नाव एप्रिल ते जूनच्या टप्प्यात गेले तर मधले दोन महिने त्या बायांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आणखी एक गोष्ट. अधिग्रहणाची तारीख म्हणजे आदेशाची तारीख. विहीर त्याआधीच आटलेली असते. म्हणून गावाने आपल्या वहीत एक जास्तीचा रकाना ठेवावा: 'गावची विहीर प्रत्यक्ष कधी आटली?' ही तारीख बायांना विचारूनच लिहावी, कारण पाणी त्याच भरतात. आटल्याची तारीख आणि आदेशाची तारीख यांच्यामध्ये जे दिवस उरतात, तीच गावाची खरी तक्रार. ती मोजून मांडली की कोणाला नाकारता येत नाही.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, नळ आले. पण नळाच्या मागची विहीर आटली तर तोटी फिरवून काय होणार? म्हणून ही वही नळ असलेल्या गावालाही लागेलच.

वाचकहो, यासाठी मोठा खर्च नाही. शंभर पानी वही, एक पट्टी आणि दहावी शिकलेला पोरगा किंवा पोरगी पुरे. मागच्या सालांच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत मागा. मिळाल्या नाहीत तर २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. महिन्यांचा तक्ता करा, ग्रामसभेत मोठ्याने वाचा आणि ठरावाला जोडा. आराखडा ठरण्याआधी, दिवाळीच्या सुमारास हे झाले तर उपयोग. उन्हाळ्यात रिकामा गुंड घेऊन मोर्चा काढण्यापेक्षा भरलेली वही घेऊन आधी जाणे बरे.