आपला नम्र (?)

मंडळी, शहाड स्टेशनबाहेर पडलं की फ्लेक्सच फ्लेक्स! दहा फुटी फोटो, जोडलेले हात आणि खाली ‘आपला नम्र’. ज्याला स्वतःचा चेहरा दहा फुटी लागतो तो नम्र कसा?

व्याकरणात नम्रता हे नाम. शिखांनी तिचं क्रियापद केलं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात बघा. भाविकांचे जोडे सांभाळणारे, लंगरमध्ये भांडी घासणारे... त्यांतला डॉक्टर कोण, व्यापारी कोण, ओळखून दाखवा!

कोणी म्हणेल, फार नमलं की लोक डोक्यावर बसतात. त्यांनी १६९९ सालची आनंदपूरची बैसाखी आठवावी. गुरू गोविंदसिंगांनी पाच जणांना अमृत दिलं आणि मग त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः त्यांच्याकडून घेतलं. गुरूच शिष्यांचा शिष्य झाला! कमरेला तलवार असलेला हा माणूस दुबळा होता का?

आणि हे परक्याचं समजू नका. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला, त्यात आपल्या नामदेव शिंप्याची ६१ पदं आहेत. पंजाब ज्यांच्या शब्दांपुढे माथा टेकतो, ते नामदेव पंढरपुरात देवळाची पायरी होऊन राहिले. संतांचे पाय लागावेत म्हणून!

तेव्हा ‘आपला नम्र’ छापणाऱ्यांना एक विनंती. नांदेड लांब वाटत असेल तर शेजारच्या उल्हासनगरात गुरुद्वारे आहेत. एक रविवार तिथे जोडे पुसा. फोटोग्राफर मात्र घरी ठेवा.

असो.