पाल्याला भाव कोण देणार?



हिरव्या पानातल्या प्रथिनांपासून वीज काढण्याचे प्रयोग चालू आहेत. उद्या कोणी गावात येऊन सांगेल, 'पऱ्हाटीचा पाला विका, वीज कारखान्याचे भागीदार व्हा.' त्याआधी आपण हिशेब मांडू.

शास्त्र खरे आहे. ज्वारीच्या पानात हरितद्रव्य धरून बसलेली प्रथिने असतात. त्यांतल्या 'फोटोसिस्टिम-एक'ने प्रकाशाचा कण पकडला, की जवळजवळ दर कणामागे एक इलेक्ट्रॉन सुटतो. पण प्रथिनाच्या पातळ थरात ऊन थोडेच अडते. म्हणून शेजारी चांदी-सोन्याचे अतिसूक्ष्म कण ठेवायचे. उजेड पडला की धातूतले इलेक्ट्रॉन एकसाथ झुलतात आणि कणाभोवती उजेड दाटतो. २००७ साली गोवोरोव्ह आणि कार्मेली या शास्त्रज्ञांनी याचे गणित मांडले. अंतर मात्र नेमके हवे. प्रथिन धातूला फार चिकटले, तर पकडलेली ऊर्जा धातूच गिळतो.

मग अडते कुठे? जिवंत पान मोडलेली प्रथिने सतत बदलते. पट्टीवर बसवलेल्या प्रथिनाला दुरुस्त करणारे कोणी नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पालकाचे प्रथिन सिलिकॉनवर बसवले. चौरस सेंटिमीटरला ८५० मायक्रोअँपिअर प्रवाह मिळाला. शाबासकी द्यावी असेच काम; पण त्यावर विहिरीवरची मोटार चालत नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. चौरस मीटरभर जागेवर या प्रथिनाचा एकेरी थर द्यायला काही मिलिग्रॅम पुरतात. शंभर थर दिले तरी माल ग्रॅमच्या आसपासच. ट्रॉलीभर पाल्याची गरजच नाही! कारखाना निघाला तरी भाव पेटंटला मिळेल, पाल्याला नाही. कापूस आपला आणि कापडाचा नफा दुसऱ्याचा, हे आपण भोगतोच आहोत. इथे तर कापूससुद्धा बोंडभरच लागणार.

संशोधनाला आपला विरोध नाही. ते जरूर व्हावे. पण त्याच्या नावावर पाला किंवा जमीन मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: युनिटला खर्च किती? टिकणार किती वर्षे? मालकी कोणाची?

ज्वारीचा कडबा आजही दावणीला लागतो. त्याला गिऱ्हाईक आहे. वीजधंद्यात आपले भांडवल म्हणजे ऊन आणि जागा. २०१९ च्या कुसुम योजनेने शेतकऱ्याला पडीक जमिनीवर सौर वीज तयार करून वीज कंपनीला विकण्याची वाट दिली. तंत्र सिलिकॉनचे असो की पानाचे, नुसत्या भाड्यावर राजी होऊ नका. विजेच्या दरात वाटा मागा.