राजघराण्याची हुंडी

राजा किंवा राणी परदेशी निघाली की वृत्तपत्रांचे रकाने पोशाखांच्या आणि मेजवान्यांच्या वर्णनांनी भरून जातात. वस्तुतः ब्रिटनचा राजा राजकीय भेटीस जातो तो स्वेच्छेने नव्हे, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. त्याला धोरण ठरविता येत नाही, कर्ज देता येत नाही. मग त्याच्या हाती उरते काय? राष्ट्राच्या वतीने मान तुकविण्याचा अधिकार.

राणी एलिझाबेथ मे २०११ मध्ये डब्लिनला गेल्या. १९११ नंतर ब्रिटिश राजपदाचे पाऊल तेथे प्रथमच पडत होते. ब्रिटिश सत्तेशी झुंजत मेलेल्यांच्या स्मारकापुढे त्यांनी मस्तक लवविले, मेजवानीतील भाषणाचा आरंभ आयरिश भाषेत केला आणि जुनी अढी बरीच सैल झाली. याच राणींनी ऑक्टोबर १९९७ मध्ये जालियनवाला बागेतही पुष्पचक्र वाहिले होते. तेथे मात्र जखमेवर खपली धरली नाही.

हा फरक का पडावा? राणी त्याच, नम्रताही तीच. परंतु आयर्लंडच्या भेटीआधी १९९८ चा शांतता करार झालेला होता. अमृतसरच्या भेटीमागे ब्रिटिश सरकारची क्षमायाचना नव्हती. राजघराण्याची भेट ही एक हुंडी आहे. पेढीत शिल्लक असेल तरच ती वटते. धोरणाची शिल्लक नसताना हुंडी धाडणे ही मुत्सद्देगिरी नव्हे; ती यजमानाच्या सौजन्यावर केलेली उधारी होय.