कॉलर नसलेलं गाव

नागपूरहून रायपूरला गाडीने गेला असाल तर सौंदड तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त तुमच्या लक्षात नाही. साकोली मागे पडली की हे गाव येतं आणि चहाची आठवण होईपर्यंत निघूनही जातं. गोंदिया जिल्हा, तालुका सडक अर्जुनी. मुंबई-कोलकाता महामार्ग (आमच्या लहानपणीचा सहा नंबर, आता ५३) आणि गोंदियाहून वडसा, नागभीडमार्गे चांदा फोर्टला जाणारी रेल्वे, दोन्ही इथेच एकमेकांना भेटतात. ही रेल्वे पूर्वी नॅरोगेज होती, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. बाकी सांगण्यासारखं काय? किल्ला नाही, लेणी नाहीत, कुणा संताची समाधी नाही. पाहुण्याला दाखवायचं काय, असा प्रश्न पडावा असं गाव.

अमेरिकेत अशा गावांचं कौतुक फार. कारखान्यात, खाणीत राबणाऱ्यांच्या गावाला तिकडे 'ब्लू कॉलर टाउन' म्हणतात. त्यांच्यावर सिनेमे निघतात, गाणी होतात, निवडणुकीच्या वर्षी पुढारी तिथल्या हॉटेलात बसून कॉफी पितात. आमच्याकडे निळी कॉलर सोडा, कॉलरच नाही. बनियन आणि खांद्यावर दुपट्टा. बायकांच्या कमरेला खोचलेलं लुगडं किंवा साडी. पण राबणं तेच. माझं आजोळ याच पट्ट्यातलं. त्यामुळे 'मागास भाग', 'साधी माणसं', 'बिचारे मजूर' असं कुणी म्हटलं की मला आतून काहीतरी टोचतं. त्यातही एक शब्द जास्तच टोचतो. तो सरकारी आहे, आणि तो म्हणजे 'अकुशल'.

किमान वेतनाच्या सूचना काढून बघा. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीन पायऱ्या असतात. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, देशात पहिल्यांदा. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पुढे २००५ साली केंद्राने केला. दोन्हींत काम कसलं, तर अकुशल अंगमेहनतीचं. हेतू चांगलाच होता, शंका नाही. पण शब्द एकदा कागदावर बसला की तो माणसावर बसतो. आणि माणसावर बसला की त्याच्या मजुरीवरही बसतो.

आता या अकुशल माणसांचं काम जरा जवळून बघू.

आधी रोवणा. जुलै उजाडला, पाऊस लागला की बांध्यांमध्ये चिखल होतो आणि बायका ओळीने उतरतात. एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं. रोप किती खोल जायला हवं ते बोटांना ठाऊक. जास्त खोल गेलं तर फुटवे कमी येतात, वर राहिलं तर पाण्यावर तरंगतं. दोरी नाही, पट्टी नाही, तरी अंतर सारखं. वर पाऊस, खाली गुडघाभर चिखल, पाठ वाकलेली, आणि तोंडात गाणं. मी एकदा हौसेने उतरलो होतो. पंधरा मिनिटांत बायांनी मला हसत हसत बांधावर बसवलं. माझी रोपं त्यांना उपटून पुन्हा लावावी लागत होती!

मग धान मिलवर जातो. गोंदिया जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. सरकारी खरेदीत धानाची ओल १७ टक्क्यांपर्यंत चालते, त्यासाठी यंत्र असतं. पण जुना हमाल चार दाणे दाताखाली धरतो, कट् असा आवाज ऐकतो आणि सांगतो, 'अजून दोन दिवस ऊन पायजे.' यंत्र बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने बोलतं. आत मिलमध्येही तेच. रबराचे दोन रोल धानाचं टरफल काढतात. ते जास्त जवळ आले की तांदूळ तुटून कणी होते, लांब राहिले की टरफल तसंच राहतं. सरकारी धान भरडायला घेतलं तर क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ परत द्यायचा असतो, म्हणजे कणी वाढली की मालकाचा जीव वर-खाली. त्या रोलमधलं अंतर ठरवतो कोण? आवाज ऐकून ठरवणारा मिलचा कामगार. त्याच्या कानाला कुठल्या आयटीआयचं सर्टिफिकेट नाही, एवढंच.

आणि बिडी. भंडारा-गोंदियातल्या कितीतरी घरांचा उन्हाळा आणि पोरांच्या फिया बिडीवर निघाल्या. माझी मामी बिडी वळायची. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडायचा, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, हे एक काम. वळणं हे दुसरं. पान रात्रभर ओलं ठेवायचं, साचा ठेवून कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपातली तंबाखू चिमटीने भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हे सगळं बोलता बोलता, मुलाचा पाढा ऐकता ऐकता. मी तिला विचारलं होतं, तंबाखू न मोजता सारखी कशी पडते? ती म्हणाली, 'बोटाले समजते बाबू.' मजुरी हजारावर. आणि हजार झाले तरी त्यातली छाट निघायची. जाड झाली, बारीक झाली, पान फाटलं म्हणून बाजूला टाकलेल्या बिड्यांची मजुरी नाही. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला तेव्हा त्यात छाटलेल्या बिडीच्या मजुरीवरून होणाऱ्या वादांचीही वेगळी तरतूद करावी लागली होती. यावरून समजा हे दुखणं किती जुनं आहे. मला गंमत एवढीच वाटते, की काम अकुशल असेल तर त्यात चूक कशी निघते? छाट काढणारा कौशल्यच तर तपासत असतो. तपासायचं कौशल्य आणि पैसे द्यायचे अकुशलचे. हिशोब चोख आहे!

इतिहासात जाऊ. भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचे जिल्हे. यातले हजारो तलाव मालगुजारीच्या काळातले किंवा त्याहून जुने. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली आणि त्यांचं नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव', लाडाने मामा तलाव. कोहळी समाजाची माणसं त्यात वाकबगार. पाणी कुठून येईल, पाळ कुठे घालायची, उतार किती, हे चालत फिरून ठरवायची. सौंदडपासून फार लांब नसलेला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, हिवाळ्यात पक्षी बघायला शहरातून माणसं येतात. ती पाळ ज्यांनी टोपली-टोपली मातीने उभी केली, त्यांना आजच्या हजेरीपटावर कुठल्या रकान्यात घातलं असतं, ते सांगायला नको.

आता कुणी म्हणेल, तुम्ही शहरात बसून कष्टाचे गोडवे गाता. बरोबर आहे, हा धोका मला दिसतो. मामीची पाठ म्हातारपणी सरळ झालीच नाही. तंबाखूच्या धुळीचा खोकला, मिलमधल्या कोंड्याचा दमा, पोत्याखाली गेलेले गुडघे, सावकाराची वही, संध्याकाळची दारू, जातीजातींची वेगळी वस्ती... हे सगळं आहे. आपल्या मुलीने बिडी वळावी असं वाटणारी एकही बाई मला भेटलेली नाही. बिडी ओढणाऱ्याचं काय होतं तेही आता सगळ्यांना माहीत आहे. हा धंदा आटला तर मी रडणार नाही. पण तो आटेल तेव्हा त्या बायकांच्या हातात काय असेल, हे कुणी विचारलंय का? ज्या हाताला अकुशल म्हटलं, त्याला दुसरं काम देतानाही खड्डा खणायचंच दिलं जातं. इतकी बारीक, इतकी अचूक बोटं, पण त्यांची नोंदच कुठे नाही. शब्दाचं नुकसान हे असं होतं.

आणि माणसं म्हणाल तर दिवाळीनंतर या. मंडई भरते. रात्री दहा-अकराला झाडीपट्टीचं नाटक सुरू होतं ते उजाडेपर्यंत. नाटक कंपन्या वडशाच्या, म्हणजे याच रेल्वेच्या वाटेवरच्या. दिवसभर धान कापलेली माणसं शाल गुंडाळून रात्रभर बसतात, तिकीट काढून. २०२३ साली झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना ही रंगभूमी पहिल्यांदा कळली. इकडे ती पिढ्यान् पिढ्या मजुरांच्या पैशावर चालली आहे, अनुदानाची वाट न बघता.

दुसरी आठवण २०२०ची. लॉकडाऊनमध्ये याच महामार्गावरून छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडे माणसं पायी चालली होती. रस्त्याकडेच्या गावांतल्या लोकांनी त्यांच्यासाठी भात रांधला, पाण्याच्या घागरी मांडल्या. यात मला नवल वाटलं नाही. चालणारे कोण आहेत ते त्यांनी लगेच ओळखलं होतं. आपलाही पोरगा हैदराबादला किंवा पुण्याला असाच कुठेतरी अडकलाय, हे प्रत्येक घराला माहीत होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कागदावरून 'अकुशल' हा शब्द काढा. 'अंगमेहनतीचं काम' म्हणा, हवं तर. शब्द बदलून पोट भरत नाही, मान्य. पण रोवणारी, वळणारी, दाणा चावून ओल सांगणारी माणसं काहीतरी जाणतात असं एकदा लिहून दिलं, की त्याचे पैसे मागायला जागा तयार होते. आज तीच जागा नाही.

असो. बोलायला लागलो की लांबतं. पुढच्या वेळी त्या रस्त्याने गेलात तर सौंदडला गाडी थांबवा. बघण्यासारखं काही नाही असं लोक सांगतील. त्यांच्या हातांकडे बघा.