कढईतून टाकीत

माझ्या मामेभावाच्या विहिरीवर लिस्टर पद्धतीचं जुनं डिझेल इंजिन होतं. एका सिलिंडरचं, जड चाकाचं, संथ चालणारं. पंधराएक वर्षांपूर्वी घरच्या लग्नात आचाऱ्यांचं तळण उरकलं आणि दोन डबे काळं तेल मागे राहिलं. ओतायचं कुठे? जुन्या धोतरातून दोनदा गाळलं, दिवसभर उन्हात ठेवलं आणि आम्ही ते इंजिनाला दिलं. हँडल मीच मारलं. आधी डिझेलवर चालू केलं, इंजिन तापल्यावर नळी बदलली. त्याने जराही कुरकुर केली नाही. विहिरीवर भज्यांचा वास सुटला, पाणी पाटाला लागलं, आणि फुकटचं डिझेल सापडल्याच्या आनंदात आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात इंजिन काळा धूर ओकू लागलं, मग लोड घेईना. मिस्त्रीने नोझल काढून आमच्या हातावर ठेवलं. टोकाला काजळीचा टणक खडा धरला होता. पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटल्या होत्या आणि तळातलं ऑइल खळीसारखं घट्ट झालं होतं. दुरुस्तीला लागलेल्या पैशांत त्या हंगामाचं डिझेल आलं असतं.

‘हॉटेलचं जुनं तेल स्वस्तात मिळतंय, पिकअपमध्ये घालू का?’ असं विचारणारे वाचक भेटतात, तेव्हा तो काजळीचा खडा मला आठवतो. घालू नका. खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. नोझलमधून डिझेलचा धुक्यासारखा फवारा उडतो. तेलाचे थेंब मोठेच राहतात आणि पुरते जळत नाहीत. न जळलेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालच्या ऑइलमध्ये मिसळतं आणि ते गोठवतं. जुन्या संथ इंजिनाने तीन आठवडे सोसलं. आजच्या कॉमनरेल गाडीत इंधनाचा दाब हजार बारच्याही वर जातो, तिचे पंप आणि इंजेक्टर एवढंही सोसणार नाहीत.

डिझेल इंजिनाचं खाद्यतेलाशी नातं मात्र जुनं आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकतो, तिथे कोळसा-खनिज तेल न नेता इंजिनं चालवता येतील का, हे फ्रेंच सरकारला पाहायचं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेलने पुढे १९१२ मध्ये याबद्दल लिहिलं. आपल्याकडे १० ऑगस्टला जैवइंधन दिन असतो आणि दरवर्षी भाषणांत सांगितलं जातं, की १८९३ साली त्या दिवशी डिझेलचं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर धावलं. तसं घडलेलं नाही. ऑग्सबर्गमध्ये त्या दिवशी झालेली चाचणी खनिज इंधनावरची होती.

तेलाला इंजिनाजोगं करण्याची रीत पक्की आहे. गाळून, पाणी काढून ते मिथेनॉल आणि कॉस्टिकसारख्या उत्प्रेरकाबरोबर गरम करून ढवळायचं. जड ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वर पातळ बायोडिझेल राहतं. खरी अडचण तेलाच्या वयाची. ते जितक्या वेळा तापलं असेल तितकी त्यात मोकळी आम्लं जास्त, आणि आम्लं जास्त असतील तर बायोडिझेलऐवजी साबण होतो. मग आधी आम्लांचा वेगळा बंदोबस्त करावा लागतो. मिथेनॉल विषारी आहे आणि झटकन पेट घेतं. म्हणून हे काम कारखान्यात, तपासणीखाली व्हायला हवं, परसात नाही.

आता एक हिशेब. २०१९ मध्ये सरकारने सांगितलं होतं, की देशात वर्षाला २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं, त्यातलं १४० कोटी लिटर वापरलेलं तेल हॉटेलं, उपाहारगृहं, कँटीनकडून गोळा होऊ शकतं आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल मिळेल. आपण वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जाळतो, म्हणजे दहा हजार कोटी लिटरच्याही वर. सगळं गोळा झालं, एक थेंब सांडला नाही, तरी भागणार फक्त एक टक्का. इंधनाच्या स्वावलंबनाचा झेंडा या तेलाच्या हाती देण्यात अर्थ नाही.

तरीही हे तेल टाकीतच गेलं पाहिजे, असं मी ठामपणे म्हणतो. कारण ते टाकीत गेलं नाही तर पोटात जातं.

मोठ्या हॉटेलात काळं पडलेलं तेल फेकलं जात नाही. ते डब्यांतून विकलं जातं आणि त्यातलं बरंचसं लहान गाड्यांवर, फरसाणाच्या भट्ट्यांवर पुन्हा चुलीवर चढतं. एकदा खवट झालेलं तेल ताज्यात मिसळलं की रंग झाकला जातो. तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात तयार होणारी पोलर संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम जुलै २०१८ पासून आहे. रक्तदाब, धमन्या, यकृत यांच्या विकारांशी त्यांचा संबंध असल्याचं अन्न सुरक्षा प्राधिकरणच सांगतं. मोजायला हातात धरायचं यंत्र मिळतं, गरम तेलात बुडवलं की आकडा दिसतो. पण तेलाची नोंद ठेवण्याची आणि ते अधिकृत संकलकालाच देण्याची सक्ती मार्च २०१९ पासून झाली ती रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांवर. चौकातला वडापाववाला या आकड्याच्या खूप खाली असतो. शाळेतून येणारी पोरं खातात ती त्याच्याकडे.

आणि भाव. २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी या बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, मग ५२ रुपये ७० पैसे, तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे देऊ केले. त्याच काळात ताजं खाद्यतेल भडकलं, २०२१ मध्ये पामतेलसुद्धा शंभरीच्या बरंच वर गेलं. ताजं तेल शंभराच्या वर असताना काळ्या तेलाला गाडीवाला जो भाव देईल, तो ५१ रुपयांत बायोडिझेल विकणाऱ्या कारखान्याला परवडेल कसा? खाद्यतेल महागलं की काळं तेल ताटाकडे ओढलं जातं, नेमकं तेव्हाच त्याचा दर वाढायला हवा. हा दर डिझेलच्या भावाशी बांधणं मला मुळातच चुकीचं वाटतं. तो खाद्यतेलाच्या भावाशी बांधा. वरचा फरक आरोग्याच्या खात्यातून द्या, कारण इथे आपण इंधन विकत घेत नाही, लोकांच्या ताटातून विष विकत घेऊन बाहेर काढतो आहोत.

जपानमधल्या क्योटो शहराने १९९७ पासून घराघरांतलं टेंपुराचं तेल गोळा करून आपले कचऱ्याचे ट्रक त्यावर चालवले. वस्तीतली माणसं ठरल्या ठिकाणी, ठरल्या दिवशी बाटल्या आणून देत. मला यातली साधी गोष्ट भावते: ज्या ट्रकात तेल जायचं तो रोज त्यांच्याच दारावरून फिरायचा. आपल्याकडे घंटागाडी रोज गल्लीत येते. ओला, सुका याच्या शेजारी तेलाचा एक कॅन अडकवायचा, गाडीवाल्यांकडून वजनावर तेल घ्यायचं आणि पैसे तिथल्या तिथे हातावर ठेवायचे. वडापाववाल्याला दंडाची भीती घालून काही होणार नाही. त्याचं पोट त्या कढईवर आहे. रात्री उरलेल्या दोन लिटरचे पैसे मिळाले तर सकाळी तो ताजं तेल ओतेल.

आमच्या घरी दिवाळीच्या चकल्या-शंकरपाळ्यांनंतर बरणीभर तेल उरलं आहे. आईच्या वेळी ते महिनाभर फोडणीला पुरवलं जायचं, बायकोने यंदा ते बाजूला काढलं. मोरीत ओतायचं नाही, हेही ठरलं. बरणीवर चिठ्ठी लावली आहे: ‘तळणीचं, दोनदा तापलेलं’. काल घंटागाडीवरच्या ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘दादा, हे कुठं टाकू मी? ओल्यात का सुक्यात?’ सोमवारी बरणी घेऊन वॉर्ड ऑफिसात हाच प्रश्न विचारायला जाणार आहे.